ताराबाई मोडक : मुलाच्या मनातली भीती घालवणारी शाळा

दिवाळी सरली की सुरत जिल्ह्यात बारडोलीच्या परिसरात ऊसतोडणीचा हंगाम सुरू होतो. डांगच्या डोंगरातून आणि खानदेशातील धुळे-नंदुरबारच्या गावांतून मजुरांची कुटुंबे तिथे उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘कोयता’ म्हणतात आणि मजुरी या जोडीच्या हिशेबाने ठरते. त्या हिशेबात मूल कुठेच नसते. आईबाप फडात गेले की थोरली बहीण धाकट्या भावाला सांभाळते. तिची स्वतःची शाळा मागे गावीच राहिलेली असते. घर, आजी आणि सवंगडी एकाएकी सुटलेल्या या मुलांच्या मनाचे काय होत असेल, हा प्रश्न बालकांच्या मानसिक आरोग्याच्या चर्चेत क्वचितच येतो. सुरतेच्या दक्षिणेला, गुजरातच्या सीमेलगत असलेल्या बोर्डी आणि कोसबाड या गावांत एका मराठी शिक्षिकेने अशाच मुलांचा विचार सुमारे ऐंशी वर्षांपूर्वी सुरू केला होता. त्या शिक्षिका म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. सदाशिवराव आणि उमाबाई केळकर हे त्यांचे आईवडील प्रार्थना समाजाचे अनुयायी होते. सुधारकांच्या घरातील मुलींना त्या काळी शिक्षणाचे दार उघडे असे; पण समाजाचा दुरावाही अशा घरांच्या वाट्याला येई. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ साली तो संपुष्टात आला. नवऱ्यापासून वेगळी झालेली स्त्री आणि तिच्या पदरी लहान मुलगी, या स्थितीला त्या काळच्या समाजात मानाचे स्थान नव्हते. ताराबाईंनी राजकोटची वाट धरली आणि तेथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले.

सौराष्ट्रात असतानाच भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेतील बालमंदिराशी त्यांचा संबंध आला. हे बालमंदिर चालवणारे गिजुभाई बधेका मूळचे वकील. मादाम मॉन्टेसरी यांच्या विचारांनी भारावून त्यांनी वकिली सोडली होती आणि गुजरातभर ते ‘मिशावाली आई’ म्हणून ओळखले जात. स्थिर पगाराची मानाची नोकरी सोडून ताराबाई त्यांच्या कार्यात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या ‘शिक्षण पत्रिके’तून ताराबाईंनी पालक आणि शिक्षक यांच्यासाठी वर्षानुवर्षे लेखन केले.

त्या लेखनाचा आणि कार्याचा गाभा एकच होता. छडीच्या धाकाने मूल गप्प बसते, पण शिकत नाही. बक्षिसाच्या लोभाने ते पुढे धावते, पण मागे राहिलेल्याचे मन खचते. म्हणून शिक्षा नको, स्पर्धा नको आणि बागुलबुवाची भीतीही नको, असा या मंडळींचा आग्रह होता. हट्ट करणारे, मारकुटे किंवा घुमे मूल वाईट नसते. त्याला काहीतरी सलत असते आणि ते शोधण्याचे काम मोठ्या माणसांचे असते, ही दृष्टी त्यांनी मराठी आणि गुजराती घरांत रुजवण्याचा प्रयत्न केला. मुलाच्या मानसिक आरोग्याचा स्वतंत्र विचार आपल्याकडे फारसा होत नव्हता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. शहरातील सुशिक्षित पालकांनी त्यांचे विचार आपलेसे केले. तिथेच थांबल्या असत्या, तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु मॉन्टेसरीची महागडी साधने परवडणाऱ्या घरांपलीकडे फार मोठा बालवर्ग आहे, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या. पुण्याहून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई बालविधवा होत्या. आयुष्याचे घाव सोसलेल्या या दोघींनी गावातल्या मुलांसाठी बालवाडी उघडली. याच वर्षी त्या टापूत वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला होता. दारिद्र्य, सावकारी आणि दहशत यांच्या सावलीत तिथले बालपण वाढत होते.

बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतली मुले तिच्याकडे फिरकत नव्हती. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्याच दारात, ओळखीच्या माणसांच्या देखत भरणाऱ्या शाळेचे भय मुलांना वाटले नाही. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, गाणी म्हणणे, गोष्टी सांगणे येथून शिक्षणाचा आरंभ होई. शंख-शिंपले, खडे, बिया, पाने आणि माती ही साधने झाली. ‘अंगणवाडी’ ही कल्पना अशी उभी राहिली.

१९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेले. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी मुलगी शाळेत यावी, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची ‘विकासवाडी’त एकत्र सांगड घालण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ‘कुरणशाळा’ निघाली. गुरे जिथे चरत, तिथे शिक्षक जात. मुलाच्या जगण्यातली अडचण शाळेने स्वतःची मानली.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी हे कार्य पुढे अखेरपर्यंत चालवले. ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९७५ साली, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

शब्द पोहोचला, त्यामागचा विचार किती पोहोचला, हे बारडोलीच्या फडावर आणि आपल्या गोव्यातील बांधकामांच्या पत्र्याच्या खोल्यांशी तपासावे लागेल. स्थलांतर, आजारपण, घरातील भांडण किंवा मृत्यू अशा प्रसंगी मुले बहुधा बोलून दाखवत नाहीत. ती गप्प होतात, चिडतात किंवा शाळा टाळतात. अशा वेळी समुपदेशक हवाच. पण त्याआधी दररोज ठरल्या वेळी भेटणारे, न रागावणारे एक माणूस त्या मुलाजवळ हवे. ताराबाईंनी शेकडो मुलांसाठी अशी माणसे उभी केली. मजुरांच्या वस्तीवर, मूल राहते तिथेच भरणारी शाळा हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल आणि ते उभारण्यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.