साने गुरुजी

पांडुरंग सदाशिव साने ऊर्फ साने गुरुजी (जन्म : पालगड, २४ डिसेंबर १८९९, मृत्यू : मुंबई, ११ जून १९५०) हे मराठी लेखक, शिक्षक, स्वातंत्र्यसैनिक आणि समाजवादी विचारवंत होते. 'श्यामची आई' या पुस्तकाचे लेखक म्हणून ते सर्वाधिक परिचित आहेत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे, यासाठी त्यांनी १९४७ मध्ये केलेले उपोषण महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील महत्त्वाची घटना मानली जाते. शिक्षण, धर्मश्रद्धा आणि सामाजिक सलोखा ही त्यांच्या दृष्टीने वेगवेगळी कामे नव्हती. समाजातील दोषाची जबाबदारी प्रथम स्वतःवर घ्यावी आणि मग इतरांना तिच्यात सहभागी करून घ्यावे, ही त्यांची पद्धत शाळेच्या छात्रालयापासून सार्वजनिक आंदोलनापर्यंत कायम राहिली.

बालपण आणि शिक्षण

साने गुरुजींचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यातल्या पालगड या गावी झाला. त्यांच्या घराण्याकडे खोती होती. मात्र वडील सदाशिवराव यांच्या काळात घरची स्थिती खालावत गेली आणि पांडुरंगाचे बालपण ओढगस्तीत गेले. आई यशोदाबाई यांच्या संस्कारांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

प्राथमिक शिक्षण पालगडला झाल्यावर ते दापोलीच्या मिशन हायस्कुलात शिकले. घरच्या गरिबीमुळे पुढे काही काळ औंध संस्थानात आणि नंतर पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात राहून त्यांनी शिक्षण पुरे केले. १९१८ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुण्यातील न्यू पूना कॉलेजातून (पुढचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय) मराठी व संस्कृत हे विषय घेऊन त्यांनी बी. ए. ची पदवी मिळवली. त्यानंतर अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करून तत्त्वज्ञान विषयात ते एम. ए. झाले.

अमळनेर येथील अध्यापन

१९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत (पुढचे प्रताप हायस्कूल) शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९३० पर्यंत तेथे राहिले. वर्गातील शिकवण्यापेक्षाही शाळेच्या छात्रालयातील त्यांचे काम अधिक स्मरणात राहिले. छात्रालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली, तेव्हा शिस्तीसाठी त्यांनी शिक्षेचा मार्ग स्वीकारला नाही. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडत, कपड्यांच्या घड्या घालून ठेवत आणि आजारी मुलांची शुश्रूषा करीत. ओशाळलेली मुले हळूहळू आपली कामे आपणच करू लागली.

मुलांच्या वाचनासाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही सुरू केले. देशातील घडामोडी, थोरांची चरित्रे आणि निरनिराळ्या धर्मांतील विचार यांची ओळख खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांना व्हावी, हा त्यांचा हेतू होता. याच काळात विद्यार्थी त्यांना 'गुरुजी' म्हणू लागले आणि तेच त्यांचे नाव झाले.

स्वातंत्र्यलढा आणि कारावास

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू झाल्यावर त्यांनी नोकरीचा राजीनामा देऊन चळवळीत उडी घेतली. त्यानंतरच्या पंधरा वर्षांतील बराच काळ त्यांनी धुळे, त्रिचनापल्ली, नाशिक आदी ठिकाणच्या तुरुंगांत काढला.

त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांचा दक्षिणेकडील राजबंद्यांशी निकटचा संबंध आला. तेथे त्यांनी तमिळ भाषेचा अभ्यास केला. पुढे तिरुवळ्ळुवर यांचा 'कुरल' हा ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. एकाच देशातील माणसे एकमेकांच्या भाषेला आणि साहित्याला पारखी आहेत, ही जाणीव त्यांना तेथे तीव्रतेने झाली. त्यांच्या आंतरभारतीच्या कल्पनेचे मूळ या अनुभवात सापडते.

१९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात भगवद्गीतेवर अठरा प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ या टिपणांतून सिद्ध झाला. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये त्यांनी अवघ्या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली.

१९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या तयारीसाठी त्यांनी गावोगाव प्रचार केला. ग्रामीण भागात भरलेले ते काँग्रेसचे पहिले अधिवेशन होते. १९३८ मध्ये पूर्व खानदेशात अतिवृष्टीने पिके बुडाली, तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून त्यांनी शेतकऱ्यांचे मोर्चे काढले. त्याच वर्षी अमळनेरहून त्यांनी 'काँग्रेस' हे साप्ताहिक सुरू केले. अमळनेर व धुळे येथील गिरणी कामगारांच्या संघटनांतही त्यांनी काम केले. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत राहिले. १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि १९४५ मध्ये त्यांची सुटका झाली.

पंढरपूरचा प्रश्न

पंढरपूर हे वारकरी संप्रदायाचे आद्यपीठ आहे. विठ्ठलापुढे उच्चनीच भेद नाही, ही शिकवण संतांनी अभंगांतून शतकानुशतके दिली. प्रत्यक्षात मात्र महार, मांग, चांभार आदी समाजांच्या भाविकांना मंदिरात प्रवेश नव्हता. स्वतः संत चोखामेळा यांची समाधीही मंदिराबाहेर, महाद्वारासमोर आहे. पंढरपुरात येणारे अस्पृश्य भाविक तेथून नामदेव पायरीचे आणि कळसाचे दर्शन घेऊन परत फिरत.

हा प्रश्न केवळ पंढरपूर शहरापुरता नव्हता. वारीच्या वाटेवरील प्रत्येक गाव त्याच्याशी जोडलेले होते. देहूहून निघणारी संत तुकाराम महाराजांची पालखी पुणे, यवत, वरवंड मार्गे बारामतीत येते. पुढे सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी असे मुक्काम करीत ती इंदापूरला पोहोचते आणि सराटीनंतर नीरा नदी ओलांडून सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. बेलवाडी आणि इंदापूर येथील रिंगणे वारकऱ्यांच्या विशेष आवडीची आहेत. बारामती व इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील गावे दरवर्षी वारकऱ्यांच्या अन्नपाण्याची व निवाऱ्याची सोय करीत आली आहेत. वाट सर्वांची आणि देव मात्र काहींचाच, ही विसंगती वारीला जाणाऱ्या आणि वारी पाहणाऱ्या प्रत्येकासमोर होती. जातीची बंधने वाटेवरही होती. पालखीबरोबर पायी चाललेल्या समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी वारीत निरनिराळ्या जातींच्या दिंड्या वेगवेगळ्या चालत असल्याचे नोंदवले आहे.

मंदिरप्रवेशाची मागणी साने गुरुजींच्या आधीपासून दलित समाज करीत होता. पुण्यात १९२९ मध्ये पर्वती मंदिरासाठी सत्याग्रह झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून काही वर्षे सत्याग्रह चालला, परंतु मंदिराची दारे उघडली नाहीत. १९३५ मध्ये आंबेडकरांनी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली. त्यांच्या अनुयायांचा भर यानंतर मंदिरप्रवेशापेक्षा शिक्षण आणि राजकीय हक्कांवर राहिला. साने गुरुजींचे आंदोलन प्रामुख्याने सवर्ण हिंदूंना उद्देशून होते. अस्पृश्यता हे सवर्णांचे पाप असल्याने ते दूर करण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे, अशी त्यांची भूमिका होती.

महाराष्ट्राचा दौरा आणि उपोषण

१९४६ च्या अखेरीस साने गुरुजींनी मंदिर खुले व्हावे यासाठी उपोषणाचा निश्चय जाहीर केला. आधी लोकमत तयार करावे, असा आग्रह सहकाऱ्यांनी धरला. तो मानून त्यांनी उपोषण सहा महिने पुढे ढकलले आणि या काळात महाराष्ट्रभर दौरा केला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाणी आणि नाट्यप्रवेश यांच्या साहाय्याने या प्रचाराला मोठी साथ दिली. सभांमध्ये केवळ विठ्ठल मंदिराविषयी न बोलता आपल्या गावातील विहीर, पाणवठा आणि देऊळ सर्वांसाठी मोकळे करावे, असे आवाहन केले जाई. या दौऱ्यात अनेक ठिकाणची देवळे व विहिरी खुल्या झाल्या. एका मंदिरासाठीचे आंदोलन त्यामुळे गावोगावच्या लोकांचे झाले.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणास प्रारंभ झाला. शहरात विरोध तीव्र होता. साने गुरुजींनी भीमा ओलांडून परत जावे, अशा घोषणा देत मिरवणुका निघाल्या. तनपुरे महाराजांनी आपला मठ उपोषणासाठी दिला. वारकरी संप्रदायातील एका कीर्तनकाराने दिलेला हा आश्रय महत्त्वाचा ठरला, कारण श्रद्धेचा अर्थ लावण्याचा अधिकार केवळ विरोधकांकडे नाही, हे त्यातून दिसले.

उपोषणाविषयी मतभेद होते. महात्मा गांधी यांच्यापर्यंत पूर्ण माहिती पोहोचली नव्हती आणि त्यांनी तारेने उपोषण थांबवण्याचा सल्ला दिला. गांधींविषयी नितांत आदर असूनही साने गुरुजी आपल्या निश्चयावर ठाम राहिले. दिवसेंदिवस त्यांची प्रकृती क्षीण होत गेली. अखेर गणेश वासुदेव मावळंकर यांनी पंढरपुरात येऊन मध्यस्थी केली. मंदिर सर्व हिंदूंना खुले करण्यास बडव्यांनी मान्यता दिल्यावर १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला आणि या हक्काला कायद्याचे बळ मिळाले.

या यशाच्या मर्यादाही अभ्यासकांनी दाखवल्या आहेत. मंदिराचे दार उघडल्याने जमीन, रोजगार आणि गावगाड्यातील स्थान हे प्रश्न सुटले नाहीत. राज्यघटनेने १९५० मध्ये अस्पृश्यता नष्ट केल्याचे जाहीर केले, तरी ती पाळणाऱ्यास शिक्षा करणारा स्वतंत्र कायदा १९५५ मध्ये करावा लागला. तथापि धार्मिक भेदभावाला धर्माच्याच भाषेत दिलेले आव्हान आणि रक्तपाताविना झालेला समेट, या दोन गोष्टींमुळे पंढरपूरच्या आंदोलनाचे महत्त्व टिकून आहे.

गांधीहत्येनंतर

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधी यांची हत्या झाली. मारेकरी मराठी भाषक ब्राह्मण होता. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. या हत्येला आपल्या समाजातील द्वेषभावनाही कारणीभूत आहे, असे मानून साने गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचे उपोषण केले. हत्येशी त्यांचा कोणताही संबंध नसताना त्यांनी हे ओझे स्वतःवर घेतले. अमळनेरच्या छात्रालयात मुलांचा केर स्वतः काढण्यामागे जी वृत्ती होती, तीच येथेही दिसते.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' हे साप्ताहिक सुरू केले. समाजवाद, धर्मसहिष्णुता आणि लोकशिक्षण ही त्याची दिशा होती. १९४९ मध्ये पुण्याच्या मराठी साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. प्रांताप्रांतांतील लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, साहित्याची देवाणघेवाण करावी आणि अशा परिचयातून देशाचे ऐक्य घडवावे, असा तिचा आशय होता.

साहित्य आणि धर्मविचार

साने गुरुजींनी कादंबऱ्या, कथा, चरित्रे, निबंध, कविता आणि भाषांतरे असे विपुल लेखन केले. 'श्यामची आई' हे पुस्तक ४२ रात्रींत सांगितलेल्या आठवणींच्या रूपात आहे. कोवळ्या वयातील संस्कारांचे पुस्तक म्हणून ते वाचले जाते, परंतु त्यात जातिभेदाचा विचारही आहे. लाकडाची मोळी डोक्यावर घेऊ न शकणाऱ्या एका वृद्ध महार स्त्रीला मदत करण्यास आई श्यामला सांगते. त्यातून माणुसकी ही सोवळ्याओवळ्यापेक्षा मोठी असल्याचे त्याला उमगते. या पुस्तकावर आचार्य अत्रे यांनी काढलेल्या चित्रपटाला १९५४ मध्ये राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले.

'भारतीय संस्कृती' या ग्रंथात त्यांनी अद्वैताचा अर्थ सामाजिक अंगाने लावला. सर्वांत एकच तत्त्व असेल, तर माणसामाणसांत भेद करणे हाच अधर्म ठरतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. इस्लामी संस्कृती आणि महंमद पैगंबर यांचे चरित्र यांवरही त्यांनी मराठी वाचकांसाठी आदरपूर्वक लिहिले. शेजारच्या धर्माचे अज्ञान हे वैराचे एक कारण असते, म्हणून त्याची ओळख करून देणे हे शिक्षकाचे काम आहे, ही दृष्टी या लेखनामागे होती. जगावर प्रेम करणे हाच धर्म, असे सांगणारी त्यांची प्रार्थना महाराष्ट्रातील शाळांत आजही म्हटली जाते.

अखेरचा काळ आणि वारसा

स्वातंत्र्यानंतरची परिस्थिती साने गुरुजींच्या अपेक्षेपेक्षा फार वेगळी होती. फाळणीतील हिंसा, गांधींची हत्या आणि समाजातील विषमता यांनी ते व्यथित झाले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन संपवले. त्या वेळी ते ५० वर्षांचे होते.

'साधना' साप्ताहिक त्यांच्या पश्चातही प्रसिद्ध होत राहिले. रायगड जिल्ह्यात माणगावजवळील वडघर येथे साने गुरुजी राष्ट्रीय स्मारक उभारण्यात आले असून, तेथे विद्यार्थी व युवकांसाठी शिबिरे घेतली जातात. पंढरपूरचे मंदिर आज सर्व जातींच्या भाविकांना खुले आहे. बारामती, इंदापूरमार्गे आषाढी वारीला जाणारा वारकरी कोणत्याही जातीचा असला, तरी नामदेव पायरीपाशी न थांबता गाभाऱ्यापर्यंत जाऊ शकतो.