गाडगेबाबांचा खराटा

संत गाडगेबाबांचे खरे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला. आईचे नाव सखुबाई. वडील लवकर वारले म्हणून डेबू दापुरे गावी मामाकडे वाढला. तिथे त्याने गुरे राखली. शाळा काही मिळाली नाही.

सन १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगात चिंध्या, डोक्यावर गाडगे आणि हातात खराटा. त्याच गाडग्यात ते जेवायचे. गावात गेले की आधी रस्ते झाडायचे. कोणी बोलवायची वाट बघायची नाही. रात्री कीर्तन. दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, असे ते सांगत. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या. स्वतःची बायकापोरं मात्र झोपडीत राहिली. हे मला जरा पटत नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी ते वारले.

आमच्या हापशापाशी फार चिखल आहे. माझी आजी तिथे घसरून पडली. शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीचा वर्ग तो चिखल काढणार आहे. सगळ्यांदेखत खराटा धरायची मला आधी लाज वाटत होती. आता मीच पहिला नंबर लावलाय. गुरुजी म्हणाले की नुसता चिखल काढून भागणार नाही, सांडपाण्याला शोषखड्डा पाहिजे. दगड आम्ही ओढ्यातून आणू. घमेली पाच जमली. पहार मात्र कोणाकडेच नाही. ज्या पालकांकडे असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत द्यावी.