फिरायला जाते एवढंच सांगून घरातून निघालेली ६७ वर्षांची आजी ३,३०० किलोमीटर चालली

वय ६७. अकरा लेकरांची आई, तेवीस नातवंडांची आजी. शिक्षण आठवीपर्यंत. पायात साधे कापडी बूट आणि खांद्यावर स्वतःच्या हाताने शिवलेली झोळी.

अशी एक बाई ३ मे १९५५ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका डोंगरावरून चालायला लागली. १४ राज्यं पार करून १४६ व्या दिवशी ती मेन राज्यातल्या एका डोंगरमाथ्यावर पोहोचली. निघताना तिने पोरांना एवढंच सांगितलं होतं, की जरा फिरायला जाते. कुठे आणि किती दिवस, ते सांगितलंच नव्हतं.

तिचं नाव एमा गेटवूड. अमेरिकेतले ट्रेकर आजही तिला ग्रँडमा गेटवूड म्हणतात.

या वयात एवढं चालली, म्हणून तिचं कौतुक होतंच. पण ती डोंगरात का गेली, हे कळल्याशिवाय तिची गोष्ट पूर्ण होत नाही.

आधी ही वाट समजून घेऊ

अमेरिकेच्या पूर्वेकडे ॲपलाचियन नावाची डोंगररांग आहे. शहरातल्या माणसाला निसर्गात पायी फिरता यावं, म्हणून या रांगेच्या माथ्यावरून एक लांबलचक पायवाट असावी, ही कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये मांडली. गावोगावच्या स्वयंसेवकांनी तुकड्या-तुकड्यांनी वाट पाडली, झाडांवर खुणा रंगवल्या आणि १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. हीच ॲपलाचियन ट्रेल.

लांबी किती, तर त्या काळी साधारण ३,३०० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत आलात तरी एवढं अंतर भरत नाही. त्यात सगळा चढ-उतार, जंगल, ओढे आणि दगडधोंडे. उत्तर टोकाचा माऊंट कटाडिन हा डोंगर उंचीला आपल्या कळसूबाईपेक्षा थोडासाच कमी आहे.

बहुतेक लोक या वाटेवर एखादा दिवस किंवा शनिवार-रविवार फिरून येतात. सगळी वाट एका दमात चालणं ही वेगळीच गोष्ट. ते पहिल्यांदा जमलं १९४८ मध्ये, अर्ल शेफर या माजी सैनिकाला. तोपर्यंत असं काही करता येईल यावर फारसा कुणाचा विश्वासच नव्हता.

जंगल हे तिचं माहेर होतं

एमाचा जन्म २५ ऑक्टोबर १८८७ रोजी ओहायो राज्यातल्या गॅलिया काउंटीत झाला. घर शेतकऱ्याचं, भावंडं मिळून पंधरा. लहानपणापासून शेतात राबायची सवय. १९०७ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, तिचं पी. सी. गेटवूड याच्याशी लग्न झालं. नवरा शिकलेला, आधी शाळामास्तर, नंतर तंबाखूची शेती करणारा. बाहेरून बघणाऱ्याला संसार चांगलाच दिसत असणार.

घरात मात्र मारहाण सुरू होती. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालेला हा प्रकार तीस वर्षांहून जास्त काळ चालला. दात तुटले, बरगड्या मोडल्या. तुला वेड्यांच्या इस्पितळात टाकीन, अशी धमकीही मिळायची. या सगळ्यात अकरा बाळंतपणं, स्वयंपाक, शेती आणि गुरं.

घरात राहणं अशक्य झालं, की एमा शेजारच्या जंगलात निघून जायची. तिथे तिला मारणारं, ओरडणारं कुणी नसायचं. झाडं आणि रानभाज्या तिला नावानिशी माहीत होत्या. लोक व्यायामासाठी, मन ताजं करण्यासाठी डोंगरात जातात. एमा जीव शांत करायला जात होती.

शेवटी शेवटी तर कहर झाला. एका भांडणानंतर पोलिसांनी मारणाऱ्याला सोडलं आणि मार खाल्लेल्या एमालाच कोठडीत टाकलं. गावच्या महापौराने तिचा सुजलेला चेहरा पाहिला आणि तिला कोठडीतून काढून आपल्या घरी ठेवून घेतलं. १९४१ मध्ये तिला घटस्फोट मिळाला. तेव्हा तिचं वय होतं ५३. त्या काळात, त्या वयात, एका खेडवळ बाईने घटस्फोट घेणं ही ट्रेलपेक्षा सोपी चढण नव्हती.

एक जुनं मासिक आणि फसलेला पहिला प्रयत्न

पुढे मुलं आपापल्या मार्गाला लागली. एकदा डॉक्टरकडे बसलेली असताना एमाच्या हाती नॅशनल जिओग्राफिकचा १९४९ चा एक जुना अंक आला. त्यात ॲपलाचियन ट्रेलवर सचित्र लेख होता. ही सगळी वाट एकटीने चाललेली बाई अजून कुणी नाही, हे तिला समजलं आणि ते डोक्यात पक्कं बसलं.

जुलै १९५४ मध्ये ती कुणाला काही न सांगता उत्तरेच्या कटाडिन डोंगरावरून निघाली. थोड्याच दिवसांत वाट चुकली. चष्मा फुटला, खाणं संपत आलं. वनरक्षकांनी तिला शोधून काढलं आणि आजीबाई, हे तुमचं काम नव्हे, घरी जा, अशी समज दिली.

ती घरी आली. पण तिने हार मानली नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी तिने रोजचं चालणं वाढवत नेलं, पायांना सवय केली. यावेळी दक्षिणेकडून निघायचं ठरवलं.

झोळीत होतं काय?

तंबू नाही. झोपायची पिशवी नाही. घोंगडी, रेनकोट आणि पाऊस अडवायला न्हाणीघरात लावतात तो प्लास्टिकचा पडदा. खायला डब्यातले सॉसेज, मनुका, शेंगदाणे आणि सूपच्या वड्या. बाकी रानात मिळेल ते, आणि कुणी दिलं तर गरम जेवण. झोळीचं वजन क्वचितच नऊ किलोंच्या वर जायचं.

रात्री कधी ट्रेलवरच्या निवाऱ्यात, कधी अनोळखी माणसाच्या घरी, तर कधी पाल्यापाचोळ्याच्या ढिगावर झोपायची. थंडी जास्त असली, की दगड तापवायचे आणि त्यावर पडायचं. काही घरांनी तिला पोटभर जेवू घातलं, काहींनी दार लावून घेतलं. ती पुढच्या घराकडे जायची.

मासिकातल्या लेखावरून तिला वाटलं होतं, की वाट छान राखलेली असेल. प्रत्यक्षात ठिकठिकाणी झाडं आडवी पडलेली, खुणा पुसलेल्या, निवारे मोडकळीला आलेले. त्यात ऑगस्ट महिन्यात कॉनी आणि डायन ही दोन चक्रीवादळं एकामागोमाग आली. डायनच्या पुराने पूर्व अमेरिकेत सुमारे दोनशे बळी घेतले. फुगलेला एक ओढा तर तिला एकटीने ओलांडता येईना. तिथे भेटलेल्या दोन तरुण नौसैनिकांनी दोराने तिला आपल्या मध्ये बांधून पलीकडे नेलं.

वाटेत एका पत्रकाराला सुगावा लागला. बातमी छापली, मग देशभर पसरली. पोरांनाही आई नेमकी कुठे फिरते आहे ते कळलं! पत्रकार विचारायचे, तेव्हा एमा स्वतःला विधवा म्हणवून घ्यायची. नवरा जिवंत होता, पण त्याच्याबद्दल बोलायची तिची तयारी नव्हती.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, सुजलेला गुडघा आणि मोडका चष्मा घेऊन, ती कटाडिनच्या माथ्यावर पोहोचली. तिथल्या वहीत सही केली आणि एक देशभक्तीपर गाणं म्हटलं. ॲपलाचियन ट्रेल एका दमात एकटीने पूर्ण करणारी ती पहिली स्त्री ठरली. हिशेब केला, तर रोजची सरासरी २२ किलोमीटरच्या वर भरते.

एकदा नाही, तीनदा

१९५७ मध्ये आजी पुन्हा निघाली आणि पुन्हा सगळी वाट चालली. १९६४ पर्यंत तुकड्यांनी तिने ती तिसऱ्यांदा पूर्ण केली. पुरुष-बाई सगळे धरून, तीन वेळा ट्रेल चालणारी ती पहिली व्यक्ती. मध्ये १९५९ साली, ओरेगन राज्याच्या शताब्दीनिमित्त, मिसूरीतल्या इंडिपेंडन्सपासून पोर्टलंडपर्यंतचे सुमारे ३,२०० किलोमीटर तिने ९५ दिवसांत पायी कापले.

तिच्या प्रसिद्धीचा फायदा वाटेलाही झाला. ट्रेलच्या दुरवस्थेबद्दल ती पत्रकारांशी स्पष्ट बोलली होती. लोकांचं लक्ष गेलं, देखभाल सुधारली, चालणारे वाढले. १९६८ मध्ये कायदा होऊन या ट्रेलला राष्ट्रीय दर्जा मिळाला. आपल्या ओहायोमध्ये बकाय ट्रेल उभारणाऱ्यांतही एमा होती. तिथल्या हॉकिंग हिल्समध्ये तिची आवडती सुमारे दहा किलोमीटरची वाट आज तिच्या नावाने ओळखली जाते. दर जानेवारीत हजारो लोक कडाक्याच्या थंडीत ती वाट चालतात.

४ जून १९७३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, एमा गेली.

तिचं नाव घेऊन, ट्रेकिंगला काहीच लागत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. महागडं सामान तिच्याकडे नव्हतं, पण शेतात घडलेलं शरीर होतं, रानातलं काय खायचं याची माहिती होती आणि एकदा वाट चुकल्यावर शिकलेला धडा होता. पावसाळ्यात चपला घालून गडावर निघालेल्यांनी आजीकडून घ्यायचं असेल, तर आधी तिची तयारी घ्यावी.

आणि ज्यांना वाटतं की आता वय झालं, आता कुठे सुरुवात करायची, त्यांनी तिची दोन वयं लक्षात ठेवावीत. ५३ व्या वर्षी ती घरातून सुटली आणि ६७ व्या वर्षी डोंगर चढली. ज्या शरीराने तीस वर्षं मार खाल्ला, त्याच शरीराला तिने १४६ दिवस आपल्या मर्जीने, आपल्या चालीने, हव्या त्या वाटेवर नेलं.