धामतीरीचा सत्याग्रही

आपल्या पेण तालुक्यातील गागोदे हे लहानसे गाव. तेथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. आजोबा शंभुरावांची धर्मनिष्ठा आणि आई रुक्मिणीबाईंची भक्ती यांचे संस्कार घेऊन हा मुलगा वडिलांकडे बडोद्याला गेला. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला विनायक वाटेत सुरतेलाच उतरला आणि काशीला गेला. पुढे तो गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला व विनायकाचे विनोबा झाले. एक परीक्षा चुकविणाऱ्या या विद्यार्थ्याने पुढे जन्मभर परीक्षाच दिली!

वर्ध्याजवळ पवनार गावी धाम ही छोटी नदी आहे. १९३८ साली प्रकृती फारच खालावल्यामुळे विनोबा तिच्या काठी राहावयास आले. धामच्या पलीकडचे म्हणून त्या स्थानाचे नाव परंधाम.

१९३९ साली इंग्रज सरकारने हिंदी जनतेला न विचारताच हिंदुस्थानला महायुद्धात ओढले. निषेधार्थ वैयक्तिक सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा गांधीजींनी पहिले सत्याग्रही म्हणून निवडले ते विनोबांना. दुसरे होते पंडित नेहरू. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारला विनोबांनी युद्धविरोधी भाषण केले. चारच दिवसांत त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. जग शस्त्रे परजीत असता एका कृश माणसाने नदीकाठच्या खेड्यात युद्धाला नकार दिला, हे धैर्य रणांगणावरील शौर्याहून उणे म्हणता येईल काय?

१२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी याच धामच्या पाण्यात विसर्जित झाल्या. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी तेथे सर्वोदय मेळा भरू लागला. हाताने कातलेली सुताची गुंडी हीच तेथील श्रद्धांजली.

१९५१ साली पोचमपल्लीला भूदानाचा आरंभ झाला. विनोबांनी तेरा वर्षे पायी देश तुडविला आणि लाखो एकर जमीन मिळविली. त्यातील पुष्कळशी भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. १९७५ च्या आणीबाणीतील त्यांच्या भूमिकेवर कठोर टीका झाली. युद्धकाळी सत्तेला नकार देणाऱ्याकडून लोकांची अपेक्षाच मोठी होती.

अखेरच्या आजारात अन्न व औषध वर्ज्य करून १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी देह ठेवला. अंत्यसंस्कार धामच्या काठीच झाले.

धाम काही महानदी नव्हे. आपल्या भोगावतीसारखी, कुंडलिकेसारखीच ती एका मुलखाची नदी. तिला तीर्थाची थोरवी आली ती काठावरच्या माणसामुळे. तो माणूस आपल्या गागोद्याचा होता, याचा अभिमान आपण जरूर बाळगू. पण अन्यायाला नकार देण्याची पाळी आली, तर आपल्याच्याने ते होईल का, हेही मनाला विचारू.