मजूरमंत्री बाबासाहेब

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून, धम्मदीक्षा देणारे म्हणून वंदन करतो. पण ते या देशाचे मजूरमंत्री होते, हे आपल्या पोरांपैकी कितींना ठाऊक आहे? म्हणून या स्मरणिकेत आम्ही तेवढंच लिहितो.

जुन्नर-आंबेगावची आपली माणसं पोट भरायला मुंबईला गेली, गिरणीत लागली. बाबासाहेबही परळच्या बी. आय. टी. चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात वीसेक वर्षं राहिले. गिरणीतही जात सुटली नव्हती. साचेखात्यात पगार जास्त, पण धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली अस्पृश्यांना तिथे मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाच्या हक्कावर घाला घालणाऱ्या बिलाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ ला कम्युनिस्टांना बरोबर घेऊन मुंबईत एक दिवसाचा संप केला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. सरकारी बांधकामाचं खातंही त्यांच्याकडेच होतं. म्हणजे मजुरांचे मंत्री तेच, आणि सरकारी ठेके देणाऱ्या खात्याचे प्रमुखही तेच! डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडे ते स्वतः कोळशाच्या खाणीत उतरले. ऑफिसात बसून फायली पाहणारा मंत्री कशाला उतरेल? १९४४ ला कोळसा खाण कामगारांचा कल्याण निधी झाला. १९४६ ला कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला, जादा कामाला दुप्पट पगार.

आम्हाला सगळ्यांत मोठं वाटतं ते किमान वेतनाचं बिल. एप्रिल १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ते मांडलं, कायदा झाला १९४८ साली. गिरणी कामगाराला मालकाशी भांडायला युनियन होती. खडी फोडणाऱ्या बाईला कोण होतं? ती आज या मुकादमाकडे, उद्या त्या. तिच्यासाठी संप कोण करणार? रस्ते, इमारती, खडी फोडणं ही कामं या कायद्याच्या यादीत आली. युनियन असो नसो, ठरल्या दराखाली मजुरी दिली तर गुन्हा.

तो १९४८ चा कायदा आता राहिला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या, किमान वेतन त्यातल्या वेतन संहितेत गेलं. चांगल्याला चांगलं म्हणू. किमान वेतन आता यादीतल्याच नव्हे, सगळ्या कामांना आहे. पण ठेका मजुरांचा १९७० चा कायदा २० माणसांपासून लागायचा, आताचे नियम ५० पासून. नारायणगाव, मंचर, घोडेगावकडे इमारती बांधणाऱ्या ठेकेदाराकडे ५० माणसं असतात कुठे? १०-१५ जणांची टोळी, हजेरी मुकादमाच्या खिशातल्या वहीत, पगार बाजाराच्या दिवशी. कामावर घेताना नेमणूकपत्र द्यायचा नियम मात्र १० माणसांपासूनच आहे. आमच्या पाहण्यात अजून एकाही बिगाऱ्याच्या हातात ते पडलेलं नाही.