शिवरामकृष्णन् पंचरत्नम्

कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडिनचा थेंब टाकल्यावाचून पेशी नीट दिसत नाहीत, हे आमच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या प्रत्येकास आठवत असेल. रंगाने पेशी उठून दिसते खरी, पण पुष्कळदा ती जिवंत राहत नाही. ध्रुवित प्रकाश, म्हणजे ठरावीक रीतीनेच आंदोलणारा प्रकाश, वापरला तर न रंगवलेल्या पेशीतील तंतूंची मांडणी कळते. निरनिराळ्या खोलींवर टिपलेल्या प्रतिमांवरून गणिताने तिचे त्रिमितीय रूपही उभारता येते. या प्रकाशाचे शास्त्र ज्यांनी समृद्ध केले, त्या पंचरत्नम् यांचे नाव आपल्या घरांत क्वचितच निघते.

त्यांचा जन्म १९३४ साली कलकत्त्यास झाला. सर चंद्रशेखर वेंकट रामन हे त्यांचे मामा. थोरले बंधू रामशेषन आणि चंद्रशेखर नागपूर विद्यापीठात शिकले, एवढा या घराण्याचा महाराष्ट्राशी ऋणानुबंध. विशीतच पंचरत्नम् बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत मामांच्या हाताखाली काम करू लागले. अशा दबदब्याच्या छायेत स्वतःची वाट काढणे सोपे नसावे, असे मला वाटते.

त्यांनी ती काढली. साध्या स्फटिकपट्ट्या विशिष्ट कोनांत एकावर एक ठेवल्यास निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशावर त्यांचा परिणाम जवळजवळ सारखाच होतो, हे त्यांनी १९५५ साली दाखविले. पुढच्याच वर्षी, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांना त्याहून खोल गोष्ट गवसली. वर्गातल्या पृथ्वीगोलावर उत्तर ध्रुवापासून एक बाण विषुववृत्तापर्यंत आणावा, विषुववृत्तावरून काही अंतर न्यावा आणि दुसऱ्या रेखावृत्ताने परत ध्रुवावर आणावा. वाटेत तो कोठेही वळवला नाही, तरी परतल्यावर त्याची दिशा बदललेली असते. प्रकाशाचेही तसेच. त्याची ध्रुवणस्थिती अनेक बदलांतून फिरवून मूळपदावर आणली, तरी लहरीच्या कलेत फरक उरतो. तो किती, हे कोणत्या वाटेने फिरविले त्यावर ठरते.

हा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या इतिवृत्तात छापून आला आणि दुर्लक्षित राहिला. पंचरत्नम् काही काळ म्हैसूर विद्यापीठात शिकवून १९६४ साली ऑक्सफर्डला गेले. तेथेच १९६९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

ब्रिटिश शास्त्रज्ञ मायकेल बेरी यांनी १९८४ साली पुंजयामिकीत अशाच स्वरूपाची कला शोधली व ती जगभर गाजली. तेव्हा रामशेषन पुढे सरसावले. १९८६ साली त्यांनी राजाराम नित्यानंद यांच्यासह लेख लिहून धाकट्या भावाच्या जुन्या निबंधाकडे लक्ष वेधले. बेरींनीही मनाचा मोठेपणा दाखविला आणि १९८७ मध्ये स्वतंत्र निबंध लिहून पंचरत्नम् यांचे श्रेय मान्य केले. त्यांना जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती.