राजा राममोहन रॉय आणि येशूची वचनं



आजचं वाचन मत्तय ५ ते ७, म्हणजे डोंगरावरील प्रवचन. ख्रिस्ती नसलेले कितीतरी मित्र म्हणतात की बायबलमधलं एवढं आम्हाला आवडतं. मग प्रश्न येतोच. येशूला तारणारा न मानता हे वाचलं तर त्यांना काही मिळतं का? मला अशा वेळी राजा राममोहन रॉय आठवतात. शाळेच्या पुस्तकात ते फक्त सतीबंदीपुरतेच भेटतात.

बंगालमधल्या राधानगरच्या ब्राह्मण घरात १७७२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. संस्कृत, फारसी, अरबी येत होतं. बायबल मुळातून वाचायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीकही शिकले. (आपल्यातले किती जण एवढं करतील?) १८२० मध्ये कलकत्त्यात त्यांनी येशूच्या शिकवणीचं इंग्रजी पुस्तक काढलं. चारही शुभवर्तमानांतले उतारे घेतले, पण चमत्कार बहुतेक गाळले आणि सिद्धांताचे वादही बाजूला ठेवले. त्यांचा हिशोब सरळ होता. चमत्काराच्या गोष्टी आपल्याकडे याहून अचाट आहेत, त्यांनी इथलं कुणी हलणार नाही. शत्रूवर प्रीती आणि क्षमा मात्र कुणाच्याही कामी येते.

मिशनरी खूश झाले असतील? छे! श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मंडळींच्या मासिकात टीका आली आणि त्यांना चक्क हीदन म्हटलं गेलं. ते त्यांना लागलं. जोशुआ मार्शमन यांचं म्हणणं असं की वधस्तंभावरचं प्रायश्चित्त सोडून नुसती नीती घेतली तर तारण होत नाही. राममोहन यांनी एकामागून एक तीन उत्तरं लिहिली, सगळी बायबलच्याच आधाराने आणि सभ्य भाषेत. तिसऱ्या वेळी बॅप्टिस्ट छापखान्याने छापायला नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःचा छापखाना घातला. गंमत म्हणजे शुभवर्तमानाच्या बंगाली भाषांतरात त्यांच्यासोबत बसणारे मिशनरी विल्यम अ‍ॅडम यांनीच १८२१ मध्ये त्रैक्याचा सिद्धांत सोडला!

तारणाबद्दल मी मार्शमन यांच्या बाजूचा आहे, यात शंका नाही. पण मत्तय ७ चा शेवट बघा. प्रवचन शिष्यांसाठी सुरू झालं आणि ऐकून थक्क झाला तो सगळा लोकसमुदाय. त्या गर्दीला प्रभूने आधी तुमचा विश्वास काय ते सांगा असं विचारलं नव्हतं. मग राममोहन यांना ऐकायचा हक्क नाही, हे आपण कोण ठरवणार? आणि हीदन म्हणणाऱ्यांना त्यांनी ज्या संयमाने उत्तरं दिली, ते बघून मला तर वाटतं, हा अध्याय त्या वादात त्यांनीच जास्त पाळला.

पुढे १८२८ मध्ये ब्राह्मो समाज, १८२९ मध्ये सतीबंदीचा कायदा. सतीविरुद्ध लिहिताना त्यांनी आधार हिंदू शास्त्रांचाच दिला. बाप्तिस्मा कधीच घेतला नाही. २७ सप्टेंबर १८३३ ला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला, ख्रिस्ती मित्रांच्या घरी ते वारले, तेव्हा अंगावर जानवं होतं. ब्राह्मो समाजाच्याच प्रभावातून १८६७ मध्ये आपल्या मुंबईत प्रार्थना समाज उभा राहिला.

उद्या मत्तय ८. तिथून चमत्कार सुरू होतात.